देवमासा, किनारा आणि धबधबा : नकाशावरची एक सहल



'देवमासा हा मासा आहे का?' असं मुलांना विचारून बघा. नावातच मासा असल्यामुळे बरीच मुलं 'हो' म्हणतात. खरं तर तो सस्तन प्राणी. फुप्फुसाने श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो. हे शिकवायला एक सहल फार उपयोगी पडते. जायचं मात्र नकाशावरूनच!

कॅरिबियन बेटांपैकी एका बेटावर डोमिनिकन रिपब्लिक हा देश आहे. त्याच्या ईशान्येला सामाना द्वीपकल्प आणि त्याला लागून सामाना उपसागर. इथे पर्यटक एका दिवसात तीन गोष्टी पाहतात. आपण तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा : हे इथेच का?

१) देवमासे : जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत हंपबॅक देवमासे इथे येतात. कॅनडा, ग्रीनलंड, आइसलँडजवळच्या थंड समुद्रात त्यांना भरपूर खाणं मिळतं. तरी ते हजारो किलोमीटर पोहत इथे येतात, ते जोडीदार शोधायला आणि पिलांना जन्म द्यायला. नवजात पिलाच्या अंगावर चरबीचा जाड थर नसतो. मोठी गंमत पुढेच आहे. इथे आई जवळजवळ काहीच खात नाही! उन्हाळ्यात साठवलेल्या चरबीवर ती स्वतः जगते आणि पिलाला दूधही पाजते. म्हणून बोट फार जवळ गेली आणि आईला पळावं लागलं, तर तिची शिदोरी उगाच खर्च होते. बोटींनी अंतर राखायचं, गर्दी करायची नाही, हे नियम त्यासाठीच आहेत. या देशाने १९८६ मध्ये हंपबॅकसाठी सागरी अभयारण्य केलं आणि १९९६ मध्ये त्याची हद्द वाढवून सामाना उपसागराचा भागही त्यात घेतला.

२) किनारा : उपसागरातल्या कायो लेवान्तादो या छोट्या बेटावरची वाळू पांढरी आहे, कारण तिच्यात प्रवाळ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. कोकणात काही ठिकाणी वाळू काळसर का दिसते, हे इथे जरूर विचारा. उत्तर आपल्या काळ्या बसाल्ट खडकात सापडेल.

३) धबधबा : एल लिमोन धबधबा सुमारे ४० मीटर उंचीवरून कोसळतो. तिथे चालत किंवा घोड्यावरून जातात. समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त व्यापारी वारे डोंगराला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि पाऊस पडतो. म्हणजे सह्याद्रीत शिकवतो तोच प्रतिरोध पाऊस! फरक इतकाच की आपल्याकडे तो मोसमी वारे आणतात.

वर्गात काय कराल?
पटांगणात खडूने १४ मीटर लांबीची आई काढा. शेजारी ४ मीटरचं पिल्लू. मुलांना त्याभोवती उभं करा आणि विचारा, 'आता तुमची बोट कुठे थांबवाल?' प्रत्येकाने जागा दाखवायची आणि कारणही सांगायचं. आवडत्या प्राण्याजवळ जावंसं वाटतंच, पण लांब थांबणं हीसुद्धा मायाच आहे. हे त्या खडूच्या रेघेपाशी मुलांना चटकन कळेल.