गणवेशातील मोकळा कोपरा

‘दप्तर’ हा शब्द मूळचा फारसी. आपल्याकडे तो प्रथम आला राज्यकारभारातून. ‘पेशवे दप्तर’ म्हणताना आजही आपल्या डोळ्यांपुढे कापडात बांधलेले रुमाल उभे राहतात. कालांतराने हाच शब्द शाळकरी मुलाच्या खांद्यावर येऊन विसावला. पाटी-पेन्सिल आणि दोन-चार पुस्तके मावतील अशी घरी शिवलेली पिशवी, हेच अनेक वाचकांचे पहिले दप्तर असेल.

सिंगापुरात शालेय वर्षाचा आरंभ जानेवारीत होतो. डिसेंबर उजाडला, की आईबाप मुलांना घेऊन दप्तरांच्या खरेदीस निघतात. या नगरराष्ट्रात प्रत्येक शाळेचा गणवेश ठरलेला. केस, बूट, मोजे, दागिने यांविषयीही शाळांचे नियम असतात. काही शाळा दप्तरही नेमून देतात. परंतु जेथे तसे बंधन नाही, तेथे ‘हे माझे’ असे म्हणावयास मुलाजवळ दप्तराखेरीज फारसे काही उरत नाही.

म्हणूनच त्या निवडीत मुलाचे वाढणे वाचता येते. पहिलीतील बालकास चित्रातला आवडता नायक पाठीवर हवा असतो. सहा वर्षांचे प्राथमिक शिक्षण संपत आले, की तेच चित्र त्याला पोरकट वाटू लागते आणि साधे काळे वा निळे दप्तर प्रौढपणाची खूण ठरते. माध्यमिक शाळेत त्या साधेपणावर किल्ल्यांच्या साखळ्या, बिल्ले, चिमुकल्या बाहुल्या लटकू लागतात. 2024-25 मध्ये ‘लाबूबू’ नावाच्या दातविचक्या बाहुलीने असंख्य पिशव्या व्यापल्या. स्वतःची म्हणून केलेली निवड शेजाऱ्याच्या निवडीची नक्कल कधी होते, हे मोठ्यांनाही कळत नाही; मग मुलांना दोष का द्यावा?

मात्र येथे एक धोका आहे. श्रीमंत-गरीब हा भेद वर्गात दिसू नये, हा गणवेशाचा एक हेतू. महागड्या नाममुद्रेचे दप्तर तो भेद मागल्या दाराने पुन्हा आत आणते.

दुसरा प्रश्न वजनाचा. 1989 मध्ये आर. के. नारायण यांनी राज्यसभेत मुलांच्या पाठीवरील या ओझ्याविरुद्ध आवाज उठविला होता. भारताच्या 2020 च्या शालेय दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे. म्हणजे पंचवीस किलोच्या मुलास अडीच किलो. रुंद, गादीदार असे दोन पट्टे असावेत, हेही त्यात सांगितले आहे. चाकांच्या दप्तराने पाठ वाचते खरी. पण जिना चढताना इजा होण्याचा संभव असल्याने हे धोरण त्यास अनुकूल नाही.

तेव्हा पालकांनी किंमत, पट्टे आणि वजन यांपुरताच आपला अधिकार ठेवावा. रंग आणि त्यावर लटकणारी बाहुली मुलावर सोपवावी. एवढ्याशा मोकळ्या कोपऱ्यातही स्वतः निर्णय घेण्याचा पहिला धडा गिरविता येतो; आणि तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापलेला नसतो.