वरणात मीठ राहिलं असेल तर...

पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला असलेल्या भाचीला परवा फोन केला, तर म्हणाली, ‘‘मावशी, नंतर बोलते गं. आमच्याकडे फ्रीझ लागलाय आणि आत्ताच एक चूक सापडलीय.’’ मी म्हटलं, ‘‘अगं, मग मेकॅनिकला बोलाव ना!’’ ती खो खो हसत सुटली. रात्री मग तिनंच फोन करून नीट समजावून सांगितलं.

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती लोकांच्या हाती देण्याआधी काही दिवस त्यात नवं काही घालायचं नाही, असं ठरवतात. त्याला म्हणतात फ्रीझ. शेवटच्या घटकेला एक गोष्ट बदलली की दुसरीच बिघडते आणि ती तपासायला वेळ उरत नाही. लग्नघरी पानं मांडल्यावर कुणी ‘बुंदीऐवजी जिलबी करा’ म्हटलं, तर आचारी ऐकेल का? पण वरणात मीठच पडलं नाही हे कळल्यावर गप्प कसं बसायचं? ते सांगावंच लागतं.

सॉफ्टवेअरवाल्यांनीही त्यासाठी वाट ठेवलेली असते. ‘डेबियन’ नावाची संगणक चालवणारी प्रणाली जगभरचे स्वयंसेवक मिळून तयार करतात. ती फुकट मिळते, मराठीतूनही बसवता येते. तिची तेरावी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ला आली. कडक फ्रीझ मात्र १५ मेपासूनच होता. त्या काळात महत्त्वाच्या भागात दुरुस्ती करायची तर रीतसर विनंती करावी लागते. काय बिघडलं, दुरुस्ती केली नाही तर त्रास काय, तपासून पाहिलं का, धोका किती आणि नेमक्या कोणत्या ओळी बदलल्या, एवढं सगळं त्यात सांगायचं. ‘आलोच आहोत तर आणखी चार गोष्टी करून घेऊ’ हे तिथं चालत नाही.

हे ऐकताना मला ‘लाडकी बहीण’चं ई-केवायसी आठवलं. सप्टेंबर २०२५मध्ये ते सुरू झालं. त्यात बाईच्या आधारसोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला होता. पण ज्यांचे दोघंही हयात नाहीत, त्यांनी काय करायचं? घटस्फोट झालेलीनं कुणाच्या दारात जायचं? मुदत होती १८ नोव्हेंबरची. राज्यभरातून ही अडचण मांडली गेली. शेवटी मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली आणि अशा बहिणींनी स्वतःचं ई-केवायसी करून मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा कोर्टाच्या आदेशाची प्रत द्यावी, अशी सोय झाली. पुढं, भरताना चूक झालेल्यांना ती एकदा सुधारायची संधीही मिळाली. बोलल्यामुळंच हे झालं ना?

आमच्या मुकुटबनला मात्र उलटंच ऐकू येतं. कापूस वेचणीचा रोज बुडवून आलेली बाई एकदा परत फिरली की म्हणते, ‘‘जाऊ द्या ना ताई, कम्प्युटरच घेत नाही तं काय करता?’’ मैत्रिणींनो, कम्प्युटर काही देव नव्हे. त्यातला अर्ज माणसांनीच बनवलेला असतो, आणि माणसाकडून मीठ राहून जातं.

म्हणून अडलं की भाचीची रीत धरायची. कोणत्या रकान्यात अडलं, पडद्यावर काय आलं, कोणत्या तारखेला, हे लिहून घ्यायचं. जमलं तर मोबाइलनं फोटो काढायचा. ‘सगळी योजनाच बेकार’ असं न म्हणता ‘एवढं बदला, म्हणजे माझ्यासारख्या बायका सुटतील’ असं लिहायचं, कागद जोडायचे आणि अर्जाची पोच घ्यायची. चारचौघी अडल्या असतील तर सह्या एकत्र. आणि हे मुदत संपायच्या आत!

भाचीच्या चुकीचं काय झालं, हे मी विचारलंच. म्हणाली, ‘‘दोनच ओळी बदलायच्या होत्या, मावशी. नीट लिहून मागितलं. घेतलं त्यांनी.’’