घारापुरीचीं लेणीं आणि घारापुरीचीं माणसें

गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावरून सुमारें तासाभराच्या जलप्रवासावर असलेल्या घारापुरी बेटास आमच्या मुंबईकर वाचकांपैकीं बहुतेकांनीं एकदां तरी भेट दिली असेल. परंतु त्रिमूर्तीपुढें हात जोडून परतणाऱ्या किती जणांस शेतबंदर, राजबंदर व मोराबंदर हीं नांवें ठाऊक आहेत? ह्या तीन वस्त्यांत मिळून सुमारें १२०० माणसें राहतात. लेण्यांस १९८७ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला; वस्त्यांस कायमची वीज मिळावयास मात्र २०१८ चा फेब्रुवारी उजाडावा लागला. तोंवर समोर मुंबईचे दिवे लखलखत असतां हे लोक सायंकाळीं कांहीं तासच चालणाऱ्या जनित्रावर दिवस कंठीत होते. समुद्राच्या तळांतून सुमारें ७.५ किलोमीटर तार नेतां येते हें सिद्ध झाल्यावर, बेट आहे म्हणून सोयी अशक्य, ही सबब आतां कोणास सांगतां येणार नाहीं.

खरी पीडा पाण्याची आहे. मुंबईच्या ह्या टापूंत पावसाळ्यांत २०० सेंटिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि उन्हाळ्यांत त्याच बेटावरील बायामाणसांना हंड्यासाठीं पायपीट करावी लागते. आमच्या व्यापारी वाचकांस हिशेबाची गोडी असते, म्हणून हा हिशेब मांडतों. ५० चौरस मीटरांच्या छपरावर वर्षाकाठीं १,००,००० लिटर पाणी पडतें. पांच माणसांच्या कुटुंबास पिण्यास व रांधण्यास दरडोई २० लिटर धरले तर कोरड्या आठ महिन्यांस २४,००० लिटर पुरतात. चार मीटर लांब, तीन रुंद व दोन खोल अशी एक झांकलेली टांकी एवढें पाणी सांठवील. पहिल्या सरींचें पाणी सोडून द्यावें, बाकीचें गाळून घ्यावें. ह्यांत कोणती अद्भुत विद्या आहे?

पण टांकी बांधावयाची म्हणजे घराचा प्रश्न आला. २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरांपर्यंत नव्या बांधकामास मनाई, आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगीची अट आहे. कायदा योग्यच आहे. लेण्यांच्या अंगणांत हॉटेलें उभीं राहावींत असें आम्ही कदापि म्हणणार नाहीं. परंतु जुन्या घराची डागडुजी व धनिकाचा बंगला ह्यांस एकच माप लावूं नये. दुरुस्तीचा अर्ज बेटावरच स्वीकारून ठराविक मुदतींत निकालांत काढावा.

राहिलें दळणवळण. गेटवेच्या लांचींचें वेळापत्रक प्रवाशांच्या सोयीनें आंखलेलें; सोमवारीं लेणीं बंद, तर त्या लांचीही बंद. रोगास वार कळत नाहीं. १८ डिसेंबर २०२४ रोजीं ह्याच मार्गावर नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसून ‘नीलकमल’ ही प्रवासी बोट बुडाली व अनेकांचे प्राण गेले, तेव्हां जीवरक्षक जाकिटांची आठवण सर्वांस झाली. बेटवासीयांसाठीं एक रुग्णनौका रात्रंदिवस सज्ज असलीच पाहिजे. तिचा खर्च प्रवासी तिकिटांवर रुपया-दोन रुपये वाढवून भागवावा. लेणीं पाहावयास जाणारा कोणीही सद्गृहस्थ तेवढ्यासाठीं कुरकुर करील असें आम्हांस वाटत नाहीं.