जत्रेचं इनाम आणि कॉलेजचा पैलवान

कॉलेजच्या खेळाडूनं पैसे कमवावेत का, यावर अमेरिकेत वर्षानुवर्षं वाद चालला. जुलै २०२१पर्यंत तिथं खेळाडूनं स्वतःच्या नावावर जाहिरात केली, तर संघातली जागा जायची. सातारा-सांगलीकडे हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. इथला पोरगा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असतो, विद्यापीठाकडून मॅटवर खेळतो आणि चैत्र लागला की गावोगावच्या जत्रांत इनामावर लढतो. विद्यापीठांच्या स्पर्धेसाठी तो पूर्णवेळ विद्यार्थी हवा, पूर्णवेळ नोकरदार नको. इनाम घेतलं म्हणून त्याला कुणी अडवत नाही.

हा पैसा येतो कसा? यात्रा कमिटी वर्गणी काढते, वस्तादांशी बोलून जोडी लावते आणि पत्रक छापते. पत्रकात एक नंबरची कुस्ती, दोन नंबरची, असा उतरता क्रम असतो आणि प्रत्येक जोडीपुढं इनामाचा आकडा नि तो देणाऱ्याचं नाव. दुपारी हलगी कडाडली की आधी लहान पोरांच्या कुस्त्या लागतात. त्यांचं इनाम आखाड्यातच हातावर पडतं. मोठ्या जोड्या संध्याकाळी सुटतात. पुसेगावची सेवागिरी यात्रा असो की कुंडलचं मैदान, रीत हीच. विद्यापीठाचं पदक मिळालं की पत्रकातला नंबर वर सरकतो, त्याबरोबर आकडाही. म्हणजे कॉलेजचा खेळ आणि कमाई यांची गाठ इथं आधीपासूनच बसलेली आहे.

हा पैसा जातो बहुतेक खुराकात: दूध, तूप, बदाम, मटण. घरची शेती दोन-चार एकरांची असेल तर बापाला तो झेपत नाही. ‘खेलो इंडिया’त निवड झालेल्याला महिना १०,००० रुपये भत्ता मिळतो, पण अशी निवड थोड्यांचीच होते. बाकीच्यांची मदार जत्रेवर. म्हणून ही कमाई बंद करा असं उद्या कुणी म्हणालं, तर त्याच्याशी माझं अजिबात जमणार नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले, ते राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले म्हणून. ऑलिम्पिकचं कांस्यपदक घेऊन परतल्यावर खाशाबांनी कुस्त्या करून पैसा जमवला आणि ते घर सोडवायला दिला.

अडचण दुसरीकडेच आहे. जत्रेची कुस्ती मातीतली. तिथं पाठ टेकली की निकाल. तोवर पंधरा-वीस मिनिटं झुंज चालू शकते. मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि गुणांचा हिशेब. पैसा मातीत, पदक मॅटवर. दमानं लढायची सवय लागलेला पोरगा मॅटवर पहिल्या मिनिटातच गुण देऊन बसतो. त्यात जत्रांचा हंगाम आणि विद्यापीठाची परीक्षा एकाच वेळी येतात. मुलींच्या वाट्याला तर हा पैसा फारच कमी येतो. पहिली महिला महाराष्ट्र केसरी मार्च २०२३मध्ये सांगलीतच झाली, गदा सांगलीच्या प्रतीक्षा बागडीनं जिंकली. पण गावच्या पत्रकात मुलींच्या जोड्या अजून मोजक्याच दिसतात.

आणि गुडघा गेला तर? लिगामेंट तुटलं की शस्त्रक्रिया, मग कित्येक महिने मैदान बंद, इनामही बंद. खुराकाची उधारी तेवढी उरते. कमाईची मोकळीक आहे, तिच्या पाठीशी आधार मात्र नाही. मला वाटतं, सुरुवात यात्रा कमिटीपासूनच व्हावी. छापलेला आकडा त्याच दिवशी पैलवानाच्या बँक खात्यात जमा करावा, म्हणजे कमाईची नोंदही राहील. दोन जोड्या तरी मुलींच्या लावाव्यात. आणि मंडप, हलगी, स्पीकर यांचा खर्च वहीत मांडताना त्याच पानावर आखाड्यात उतरणाऱ्या प्रत्येकाच्या अपघात विम्याचा हप्ताही धरावा.