नळ, वीज आणि टाकीतली झाडं

जुन्या जालन्यात फिश टँकमध्ये खरी झाडं लावायची की प्लास्टिकची, हे गेल्या पंचवीसेक वर्षांत हौसेपेक्षा नळाने आणि विजेनेच जास्त ठरवलं.

सुरुवात झाली ती फेंगशुईच्या लाटेत. आठ सोनेरी मासे आणि एक काळा, असा हिशेब सांगितला जाई. सोबत निळे-गुलाबी खडे, बुडबुडे सोडणारा पाणबुड्या आणि प्लास्टिकची भडक झुडपं. आज हसू येतं, पण ती निवड चुकीची नव्हती. गोल्डफिश कोवळी पानं कुरतडतो, मुळं उकरतो. त्याच्यापुढे प्लास्टिकच टिकतं.

मग लोडशेडिंगची वर्षं आली. वीज गेली की एअर पंप बंद. त्यात मराठवाड्याचा उन्हाळा. 25 अंशांच्या पाण्यात लीटरमागे सुमारे 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 32 अंशांना जेमतेम 7. खरी झाडं लावली की पंपाची चिंता मिटली, असं तेव्हा सर्रास बोललं जायचं. अर्धंच खरं! झाडं उजेडात ऑक्सिजन सोडतात, अंधारात मात्र तीही तोच वापरतात. त्यामुळे दाट झाडी आणि मासेही भरपूर, अशा टाकीत पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून धापा टाकताना दिसत. 1850 मध्ये रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टनने लंडनमध्ये सोनमासे, गोगलगायी आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती यांचा समतोल जमवून दाखवला होता. पण तिथला गारवा इथे कुठून आणायचा?

2012-13 च्या दुष्काळात जालन्याला पाणी पुरवणारा घाणेवाडीचा तलाव आटला. टँकरमागे घागरी घेऊन धावणाऱ्या गल्लीत टाकीचं पाणी बदलायचं कोणत्या तोंडाने? माशांच्या घाणीतला अमोनिया खरी झाडं शोषून घेतात आणि पाणी थोडं जास्त दिवस चालतं. प्लास्टिकला हे जमत नाही. उलट त्याच्या पानांवर शेवाळ धरतं आणि जुन्या टूथब्रशने घासत बसावं लागतं. खऱ्या झाडांची गरज होती ती नेमकी त्या वर्षी, आणि नेमक्या त्याच वर्षी टाक्या माळ्यावर गेल्या.

पुढे जायकवाडी धरणाचं पाणी आलं, स्वस्त एलईडी आले, जपानी टाकी-सजावटकार ताकाशी अमानोच्या हिरव्यागार टाक्या मोबाइलवर दिसू लागल्या. पण बोअरचं जड पाणी काही बदललं नाही. काचेवर पाण्याच्या रेघेशी पांढरा थर बसतो. मऊ पाण्यात वाढणारा कॅबोम्बा अशा टाकीत गळत जातो. व्हॅलिसनेरियाला मात्र जड पाण्यातलं बायकार्बोनेट वापरता येतं. तिच्या बुडातून वाळूलगत एक आडवी पांढुरकी काडी निघते, टोकाला दोन-तीन पात्यांचं पिल्लू उभं राहतं आणि त्यातून पुढची काडी सरकते. खत-बित काही न घालता मागची काच भरून जाते.

तेव्हा गोल्डफिश पाळायचे असतील तर बिनधास्त प्लास्टिक घ्या, फक्त टोकदार कडांची पानं नकोत. माशांचे पर फाटतात. गप्पी किंवा मोली असतील तर व्हॅलिसनेरियाच लावा. आणि छाटलेला पाला कुंडलिका नदीत किंवा मोती तलावात अजिबात टाकू नका. मूळचा अमेरिकेतला कॅबोम्बा केरळच्या पाण्यात असाच बोकाळला आहे. पाला उन्हात कडकडीत वाळवा आणि कुंडीत घाला.