भातात उभ्या काड्या

२००९च्या एप्रिलमध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तोक्योच्या पूर्वेकडच्या निशी-कासाई भागात राहायला आलो. तिसऱ्याच आठवड्यात शेजारच्या आजींनी जेवायला बोलावले. वाफाळता भात, मिसोचे सूप, मुळ्याचे लोणचे. हाशी, म्हणजे जेवायच्या काड्या, मला अजून नीट धरता येत नव्हत्या. मध्येच पाणी प्यायचे म्हणून मी त्या भातात उभ्या खोवल्या. बोलणे थांबले. आजींनी पुढे वाकून दोन्ही हातांनी त्या काड्या काढल्या, पुसल्या आणि माझ्यासमोरच्या चिनीमातीच्या छोट्या टेकूवर आडव्या ठेवल्या. मग लोणच्याची बशी माझ्याकडे सरकवली. काय चुकले ते त्यांनी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

परदेशातल्या जेवणाविषयी आपल्याकडे लिहिले जाते ते बहुधा पदार्थांविषयी. काय मिळते, काय मिळत नाही, शाकाहारी माणसाचे कसे होते, इत्यादी. हा प्रश्न खरा आहे. ज्या सुपात मासा दिसत नाही त्याचाही मूळ अर्क, दाशी, पुष्कळदा वाळवलेल्या बोनिटो माशाचा असतो, हे मला सहा महिन्यांनी कळले. कोम्बू नावाच्या समुद्री वनस्पतीची दाशी करता येते आणि बौद्ध मठांत शोजिन र्‍योरी ही शाकाहारी परंपरा शतकानुशतके चालत आली आहे, हे कळायला आणखी तेवढाच काळ गेला. नूडल्स आवाज करत ओढण्याचे तर मला नवल वाटलेच नाही. कढीचा भुरका मारणाऱ्यांत मी वाढलेली. पण पदार्थांचे बस्तान वर्षभरात बसते. वेळ लागतो तो ‘नको’ कळायला. या लेखाचा विषय तेच ‘नको’ आहेत.

जपानमध्ये काड्यांचे निषेध पुष्कळ आहेत. त्या चाटू नयेत, ताटांवरून फिरवत बसू नये, त्यांनी भांडे ओढू नये. हे शिष्टाचाराचे झाले. मोडले तर माणूस अडाणी दिसतो, एवढेच. दोन निषेध मात्र वेगळ्या जातीचे आहेत. पहिला मी मोडलेला. घरात माणूस गेले की त्याच्या उशाशी त्याच्याच वाटीत भाताचा उंच ढीग रचतात आणि त्यात त्याच्याच काड्या उभ्या रोवतात. याला माकुरामेशी, म्हणजे उशीचा भात म्हणतात. दुसरा निषेध असा की एकाच्या काड्यांतला घास दुसऱ्याने काड्यांनी घेऊ नये. दहनानंतर नातेवाईक जोडीजोडीने अस्थी काड्यांनी उचलून कलशात ठेवतात. त्या वेळी काड्या बहुधा विजोड असतात, एक बांबूची आणि एक लाकडाची. पायांपासून सुरुवात करून शेवटी मानेतला एक मणका ठेवायचा. बसलेल्या बुद्धासारखा दिसतो म्हणून त्याला ‘कंठातला बुद्ध’ म्हणतात. अशा रीतीने माणूस कलशात जणू बसता होतो. ‘हाशी’ या उच्चाराचा दुसरा अर्थ पूल. मेलेल्याला सान्झू नदीपार नेणारा पूल, असाही या रीतीचा अर्थ लावतात. वैतरणी माहीत असलेल्या माणसाला तो समजावून द्यावा लागत नाही.

हे वाचनातून जसजसे कळत गेले तसतशी मला आमच्या साताऱ्याच्या घरातली ताटे आठवू लागली. खरकटा हात वाळवू नये, ताट ओलांडू नये, हे आमचे शिष्टाचार. पण श्राद्धाच्या दिवशी दारात रांगोळी नसे. जानवे डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर येई. देवांना पाणी बोटांच्या टोकांवरून सोडायचे, पितरांना अंगठा आणि तर्जनी यांमधून. म्हणजे पितरांसाठी दिशा उलटी करायची. जपानीत या तत्त्वाला ‘साकासागोतो’ असा शब्दच आहे, म्हणजे उलट्या गोष्टी. जिवंत माणूस किमोनोची डावी बाजू वर घेतो, मृताला उजवी वर घेऊन नेसवतात. कोमट पाणी करताना एरवी गरम पाण्यात गार ओततात, मृताच्या स्नानासाठी गारात गरम. काही भागांत शव घराबाहेर पडताना त्याची भाताची वाटी फोडतात. आपल्याकडे चितेपाशी मडके फुटते.

याचा अर्थ दोन्हींचे मूळ एक, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच, की दोन्ही समाजांनी भात हेच जिवंतांचेही अन्न मानले आणि मृतांचेही. पदार्थ एकच असल्यावर फरक राखायचा तो वाढण्याच्या रीतीने. म्हणून ती रीत रोजच्या पानावर नको. परक्या माणसाने ती चुकून केली तर जेवणारे दचकतात ते त्याच्या अडाणीपणामुळे नाही. क्षणभर त्या खोलीत कोणीतरी गेलेले असते.

२०१६ साली वडील गेले. मुलगी दीड महिन्याची होती, तिचा पासपोर्ट झालेला नव्हता. मी जाऊ शकले नाही. दहाव्या दिवशी भावाने संगम माहुलीला पिंड ठेवले. मी इकडे बाल्कनीत एका बशीत भात ठेवला. तोक्योत कावळ्यांना तोटा नाही. त्यांच्यामुळे कचऱ्याच्या पिशव्यांवर जाळी घालावी लागते आणि त्यांना खायला घालणे कोणालाच आवडत नाही. थोड्या वेळाने दाराची घंटी वाजली. आजी होत्या. त्यांनी बशी पाहिली होती.

मी मोडक्यातोडक्या जपानीत सांगितले, की वडील गेले, आज दहावा दिवस, कावळा शिवायला हवा. आजी दारातच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “ह्यांच्या उशाशी मी हाशी उभ्या लावल्या होत्या. त्या दिवशी तुझ्या भातात दिसल्या तेव्हा ह्यांना जाऊन दोनच वर्षं झाली होती.” आणि जाताना, “असू दे भात. कोणी विचारलं तर मी सांगते.”

भावाचा फोन आला की तिकडे कावळा लगेच शिवला. माझ्याकडे संध्याकाळपर्यंत कोणी आले नाही. कावळा शिवला नाही तर दर्भाचा करून शिववतात. दर्भ माझ्याकडे नव्हता. अंधार पडल्यावर मी बशी आत घेतली.

आता मुलगी आमच्याच टेबलावर वरणभात हाताने खाते आणि शाळेतले जेवण काड्यांनी. एकदा घाईत तिने काड्या भातात उभ्या केल्या. मी दोन्ही हातांनी काढल्या, पुसल्या आणि आडव्या ठेवल्या. “का?” तिने विचारले. जेवण झाल्यावर सांगते, म्हटले. ताटे उचलल्यावर मी तिला आजोबांविषयी सांगितले.