गोळीचा भाव वाढतो, पेन्शन मात्र तेवढेच

महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात सिडकोतील किंवा सातपूरमधील एखाद्या औषधांच्या दुकानाशी थोडा वेळ उभे राहून पाहा. रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी पुढे करून, "पूर्ण पट्टी नको, सध्या पाचच द्या," असे हळू आवाजात सांगणारे कुणी वयस्क गृहस्थ आपल्या दृष्टीस पडण्याचा संभव बराच आहे. दुकानदार काही न विचारता कात्रीने पट्टी कापून देतो. रोजची गोळी एक दिवसाआड घेतली जाऊ लागते ती अशा वेळी. विसरभोळेपणाचा त्यात फारसा भाग नसतो, हिशेबाचा असतो. म्हणूनच आरोग्याला वाहिलेल्या या पाक्षिकात आज निवृत्तिवेतनाचा विषय घेत आहोत.

वास्तविक 'पेन्शनर' या एका शब्दाखाली आपण फार भिन्न परिस्थितीची माणसे एकत्र करतो. नाशिकमध्ये हे भेद एकाच गल्लीत दिसतात. नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यातून जुन्या काळी निवृत्त झालेले गृहस्थ, जिल्हा परिषदेच्या शाळेतील निवृत्त शिक्षिका, सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात आयुष्य घालवलेला कामगार आणि पेठ-सुरगाण्याकडून मुलाकडे राहायला आलेली शेतमजूर वृद्धा, या चौघांना मधुमेहाची गोळी एकाच भावाने मिळते. त्यांच्या हाती येणारा पैसा मात्र चार निरनिराळ्या नियमांनी चालतो.

पहिल्या दोघांच्या वेतनाला महागाईचा आधार आहे. केंद्रीय श्रम ब्युरो देशातील ८८ केंद्रांतून दरमहा भाव गोळा करून औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक काढतो. त्या केंद्रांत नाशिकही आहे, म्हणजे आपल्या बाजारातील कांद्याचा, डाळीचा भाव त्या आकड्यात मिसळलेला असतो. या निर्देशांकाच्या बारा महिन्यांच्या सरासरीवरून जानेवारी आणि जुलै अशा दोन वेळा महागाई भत्ता ठरतो. सातव्या वेतन आयोगानुसार केंद्राचे किमान निवृत्तिवेतन ९,००० रुपये आहे. १ जुलै २०२५ पासूनच्या ५८ टक्के भत्त्याने ते १४,२२० रुपये झाले. राज्य सरकार सामान्यतः केंद्रामागोमाग जाते, बहुधा काही महिने उशिराने.

ही व्यवस्था निर्दोष आहे असे मात्र नव्हे. जो निर्देशांक भत्ता ठरवतो तो नोकरी करणाऱ्या कामगार कुटुंबाच्या खर्चावर बेतलेला आहे, आणि त्यात अन्नपदार्थांचा वाटा सुमारे ३९ टक्के आहे. सत्तरी ओलांडलेल्या जोडप्याच्या घरी पोळीभाजीचा खर्च आटोपशीर असतो, पण तपासण्या, चष्मा, दातांची कवळी, रात्री सोबतीला ठेवलेली बाई, यांचा खर्च आटोपत नाही. शिवाय सरकार ही वाढ थांबवूही शकते. करोनाच्या काळात जानेवारी २०२० ते जून २०२१ या अठरा महिन्यांचे भत्त्याचे तीन हप्ते केंद्राने गोठवले. पुढे दर पूर्ववत झाला, पण त्या महिन्यांची थकबाकी मिळाली नाही. ज्येष्ठांना औषधोपचाराची सर्वाधिक धास्ती होती, तेच हे महिने.

तरीही सातपूरच्या कामगाराशी तुलना केली तर हे दोघे भाग्यवानच म्हणावे लागतील.

कारखान्यातील कामगार, एसटीचे चालक-वाहक, सहकारी साखर कारखान्यांतील कर्मचारी हे 'कर्मचारी पेन्शन योजना १९९५' या योजनेखाली येतात. तिचे सूत्र सोपे आहे. पेन्शनपात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे. मेख आहे ती 'पेन्शनपात्र' या शब्दात. प्रत्यक्ष पगार कितीही असो, २००१ पासून सर्वसाधारणपणे ६,५०० रुपये आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये एवढाच पगार हिशेबात धरला जातो. योजना सुरू झाली तेव्हा कामाला लागलेला आणि २०१४ च्या आरंभी निवृत्त झालेला कामगार डोळ्यांपुढे आणा. सेवा १८ वर्षे, वेतन ६,५०० रुपये. गुणाकार-भागाकार केल्यावर हाती येतात १,६७१ रुपये. हा आकडा महागाईशी जोडलेला नाही. डाळ, दूध, रिक्षाचे भाडे वाढत राहते, १,६७१ तेथेच राहतात.

या योजनेत किमान पेन्शन १,००० रुपये असावे, असे सप्टेंबर २०१४ मध्ये ठरले. ते किमान ७,५०० रुपये आणि वर महागाई भत्ता असे व्हावे यासाठी महाराष्ट्रातील हजारो वृद्ध वर्षानुवर्षे धरणे धरत आले आहेत. महागाई वर्षाला अवघी पाच टक्के धरली, तरी २०१४ च्या १,००० रुपयांची खरेदीची ताकद अकरा वर्षांत सुमारे ५८५ रुपयांवर येते. १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन ही कृपेची देणगी नसून केलेल्या सेवेचे फळ आहे, असा निवाडा दिला होता. तो सरकारी सेवकांविषयी होता, हे खरे. पण यंत्रावर उभे राहून केलेली सेवा ही सेवा नव्हे काय?

आता औषधांकडे वळू. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार अत्यावश्यक औषधांच्या कमाल किमती घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे दर एप्रिलमध्ये बदलता येतात. मधुमेहाचे मेटफॉर्मिन, रक्तदाबाचे अॅम्लोडिपिन, कोलेस्टेरॉलचे अॅटोरव्हास्टॅटिन ही सारी त्या यादीतील आहेत. एप्रिल २०२२ मध्ये सुमारे १०.७७ टक्के आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे १२.१२ टक्के वाढीला या नियमाने वाट मिळाली. नंतरच्या दोन वर्षांत वाढ नगण्य होती, हेही सांगितले पाहिजे. तथापि औषध कंपनीला कायद्याने जी सोय आहे, म्हणजे महागाई वाढली की भाव वाढवण्याची, ती त्या औषधाच्या गिऱ्हाइकाला नाही. हा विरोधाभास प्रस्तुत लेखकाला सर्वांत अधिक खटकतो.

चौथ्या वृद्धेला श्रावणबाळ योजनेतून दरमहा १,५०० रुपये मिळतात. २०२३ पूर्वी ते १,००० होते. पात्रतेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे, म्हणजे महिन्याला १,७५०. एवढ्यात कोणते कुटुंब जगते, हे अर्ज भरून घेणाऱ्यालाही ठाऊक असते.

हे नियम कधी बदलतील, ते आपल्या हाती नाही. घरातील गोळ्यांची पट्टी मात्र आपल्या हाती आहे. चिठ्ठी किती दिवसांची होती आणि गोळ्या किती उरल्या आहेत, हे सहज बोलता बोलता पाहावे. जाब विचारल्यासारखे विचारू नये, वृद्ध माणसे चटकन मिटून जातात. दूध कमी झाले आहे काय, फळे 'नातवासाठी' बाजूला पडतात काय, रक्ततपासणी 'पुढच्या महिन्यात' म्हणून किती वेळा पुढे गेली, यावरही लक्ष असू द्यावे. डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून मागावे, जनऔषधी केंद्रात तेच औषध बरेच स्वस्त मिळते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. सत्तरीपुढील सर्वांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, मात्र ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. रोजच्या गोळीला त्याचा उपयोग नाही.

आणखी एक तरतूद, जी कारखान्यातील अनेक निवृत्तांना माहीत नसते. राज्य कामगार विमा योजनेत किमान पाच वर्षे विमाधारक राहून नियत वयोमानानुसार निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि पत्नी वा पतीसाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. बाह्यरुग्ण विभागातील औषधेही तीत येतात. आपल्याकडे या योजनेचे रुग्णालय सातपूरलाच आहे. वडिलांचे जुने विमा कार्ड आणि निवृत्तीचा दाखला कपाटातून काढून एखाद्या सकाळी त्यांच्यासह तेथे चौकशी करून यावी.